सुरतेची अकरा झुकती झाडं

पर्वत पाटिया, गुरुवार

सुरतेला गेले ती पोंक खायला. पोंक म्हणजे आपला हुरडा. जानेवारीच्या अखेरीस तो तिथे भरात असतो, आणि माझी मावसबहीण कुसुमताई दर वर्षी त्यासाठी बोलावते. वर्तमानपत्राच्या नोकरीत असताना कधी जमलं नाही. या वर्षी गेले. चार दिवसांत पोंक एकदाच खाल्ला, साधारण वीस मिनिटं. उरलेला वेळ अकरा सारख्या दिसणाऱ्या झाडांपैकी कोणतं कोणत्या जातीचं आहे, हे ठरवण्यात गेला. सुरतेला जाऊन लोक सहसा असं करत नाहीत, याची मला कल्पना आहे.

कुसुमताईचं घर पर्वत पाटियाला, तिसऱ्या मजल्यावर. जिना चढताना पहिल्या मजल्यावर मिरच्या भाजल्याचा ठसका लागतो, दुसऱ्यावर कोणीतरी अहिराणीत कोणाला तरी रागावत असतं, आणि तिसऱ्यावर दारातच साड्यांचा ढीग. ताई साड्यांना लेस लावण्याचं काम घरी करते. पाहुण्याने बसायचं कुठे, हा प्रश्न ती ढीग पायाने सरकवून सोडवते.

ताईचे यजमान मधुकरराव, म्हणजे आमचे दाजी. मूळ अमळनेरकडचे. तीस वर्षं पलसाण्याच्या एका डाइंग मिलमध्ये कलर मास्टर. गिऱ्हाइकाने आणलेल्या नमुन्याशी कापडाचा रंग जुळला की नाही, हे शेवटी ते सांगतात. मार्चमध्ये ते मिल सोडणार आहेत आणि कामरेजजवळच्या तीन गुंठ्यांत रोपवाटिका काढणार आहेत. पहिलं गिऱ्हाईक मिळालं होतं. अडाजणच्या रमीलाबेन, निवृत्त चित्रकला शिक्षिका. त्यांच्या फाटकाच्या दोन बाजूंना झुकत्या सायप्रसची जोडी होती. गटाराची लाइन खोदताना एक झाड गेलं. त्यांना त्याच जातीचं दुसरं हवं होतं. रविवारी सकाळी लावायचं ठरलेलं.

“मग अडलंय कुठे?” मी विचारलं.

दाजी शेवभाजीत भाकरी बुडवत होते. बुडवतच राहिले. उत्तर ताईने दिलं.

“यांच्याकडे दोन जाती शेतस. कोणती कोणती, ते यांनाच माहीत नाही. तीस वर्षं लोकांना सांगत फिरले, मन्हा डोळा चुकत नही.”

“एक चूक झाली,” दाजी म्हणाले.

“अकरा झाल्या. मोजून अकरा.”

हे झाड मूळचं अमेरिकेतल्या दलदलीचं. सुयांसारखी पानं, पण हिवाळ्यात सगळी तांबूस होऊन गळतात, म्हणून त्याला टकला सायप्रस असं नाव पडलं. (“झाडाने बरोबर घर शोधलं,” असं ताई म्हणाली आणि दाजींनी डोक्यावरून हात फिरवला.) साधी जात सरळसोट उंच जाते. बागवानांनी निवडलेल्या काही जातींच्या फांद्या मात्र खाली लोंबतात. त्यातल्या दोन दाजींकडे होत्या, कॅस्केड फॉल्स आणि फॉलिंग वॉटर्स. कामरेजच्या एका फार्महाउसच्या मालकाने हौसेने दोन्ही मागवल्या होत्या. दाजींनी त्यांच्या काड्या आणून साध्या सायप्रसच्या रोपांवर कलमं बांधली. रमीलाबेनच्या यजमानांनाही त्यांची जोडी याच मालकाने दिली होती. पुढे मालक वारला, फार्महाउसचे प्लॉट पडले आणि मूळ झाडं गेली. आता कोणाला विचारावं, असं कोणी उरलं नव्हतं.

कलमांवर नावं का लिहिली नाहीत, हे मी विचारलं. दाजींना प्रश्न अडाणीपणाचा वाटला.

“मिलमध्ये आपण नाव लिहीत नाही, नीलाताई. लॉटला त्याच्या रंगाची चिंधी बांधतो. शाई पाण्याने जाते. माझा कलर जात नाही.”

एका जातीला त्यांनी रामा रंगाची, म्हणजे निळसर हिरवी, चिंधी बांधली होती, दुसरीला बॉटल ग्रीन. दोन्ही त्यांनी स्वतः रंगवलेल्या. साडीचं कापड होतं, आणि साडी कोणी तीन वर्षं उन्हात उभी करत नाही. तीन उन्हाळ्यांनंतर अकराही चिंध्या एकाच रंगाच्या झाल्या होत्या. त्या रंगाला काय म्हणतात, असं मी विचारलं.

“राख,” ताई म्हणाली.

कामरेज, शुक्रवार

सकाळी पुदिना आणि गवती चहा घातलेला सुरती चहा झाला. आपल्याकडे चहात पुदिना टाकला तर लोक घरात कोणाला सर्दी आहे म्हणून विचारतात. इथे तो रोजचा. दाजींच्या स्कूटरवरून कामरेजला पोचलो.

तीन गुंठ्यांत विहिरीकडच्या बाजूला अकरा काटक्या उभ्या होत्या. प्रत्येकीला बांबू, आणि बांबूला खालपासून वरपर्यंत मिलमधल्या सुताने घट्ट बांधलेलं खोड. उंची माझ्या खांद्याइतकी. बाजूच्या फांद्या दोऱ्यांसारख्या खाली सुटलेल्या. त्यांवर थोड्या तांबूस सुया, बऱ्याच जमिनीवर. सगळी मिळून कोणीतरी विस्कटून वाळत टाकलेल्या झाडूंसारखी दिसत होती.

मी वहीत तक्ता आखला. आडव्या ओळींना झाडांचे क्रमांक, उभ्या रकान्यांत सालीचा रंग, कळ्यांमधलं अंतर, फांदीचा कोन, उरलेल्या सुयांची लांबी. फोनवर परदेशी बागांची वर्णनं उघडली. एका ठिकाणी एका जातीचं पान निळसर हिरवं होतं, दुसऱ्या ठिकाणी तेच वर्णन दुसऱ्या जातीला होतं. काठीचा आधार द्या, एवढं मात्र दोन्ही जातींसाठी सगळ्यांनी लिहिलं होतं. बातमीला दोन स्वतंत्र सूत्रं लागतात. इथे सात मिळाली आणि सातही वेगवेगळी होती.

मग चाचणी घेतली. दाजींनी अकरा झाडं पाहून दोन गट सांगायचे, मी लिहायचे. त्यांनी एकेका झाडासमोर उभं राहून डोळे बारीक केले, सालीवरून अंगठा फिरवला, एकदा वासही घेतला. सहा आणि पाच, असा निकाल लागला. त्यांना विहिरीपर्यंत फेरी मारून यायला सांगितलं आणि पुन्हा तेच करायला लावलं. चार आणि सात. तिसऱ्या वेळी त्यांनी पाचव्या क्रमांकाकडे बघून “हे कोणतंच नाही” असं जाहीर केलं.

“म्हणजे तिसरी जात?”

“म्हणजे मला चक्कर येतेय. पाणी द्या.”

शेजारच्या उसातून डाह्याकाका आले. त्यांचं शेत लागूनच आहे. तासभर ते बांधावरून आमच्याकडे बघत असावेत. दाजींनी त्यांना सगळं समजावून सांगितलं, की ही दोन्ही रडकी झाडं, म्हणजे फांद्या खाली सोडणारी, आणि फरक काढायचाय. डाह्याकाकांनी अकराही झाडांवरून नजर फिरवली.

“बन्ने रडे छे,” ते म्हणाले. “पछी फरक शुं?”

यावर आम्ही दोघं इतके हसलो, की दाजींना बांध धरून बसावं लागलं. डाह्याकाकांना आपण काय विनोद केला ते कळलं नाही, पण तेही हसले, आणि घरून पोंक घेऊन आले. सुरतेचा पोंक आपल्या हुरड्याहून कोवळा. आपण हुरडा शेतात आगटीभोवती बसून, तळहातावर चोळून, चटणीशी खातो. इथे तो बाजारातून साफ करून येतो आणि लिंबू-मिऱ्याच्या बारीक शेवेत मिसळून खातात. चांगला लागतो. हात काळे होत नाहीत, ही एक उणीव.

परत निघताना दाजी गंभीर होते. “चुकीचं लावलं तर आज कोणालाच कळणार नाही,” ते म्हणाले. “चार-पाच वर्षांनी कळेल. फाटकाची एक बाजू एक करेल, दुसरी दुसरं. त्या बाई रोज सकाळी ते बघतील. चित्रकलेच्या बाई आहेत त्या.”

“त्यांना आधीच विचारलं तर? त्यांचं झाड जवळून बघून...”

“बघितलंय. तेही झाडूच दिसून राहिलंय सध्या.” त्यांनी स्कूटरला किक मारली. “आणि काय म्हणून विचारू? मधुकर मास्टरला दोन हिरवे ओळखता येत नाहीत म्हणून?”

पलसाणा, शनिवार

दाजींना रात्रीतून कल्पना सुचली होती. आम्ही अकरा पुड्या बांधून, म्हणजे एका झाडाच्या सुया एका पुडीत, वर क्रमांक घालून पलसाण्याला नेल्या. क्रमांक मी घातले. पेनाने.

मिलच्या आत वाफेचा आणि ओल्या कापडाचा वास एकत्र येतो आणि कपड्यांत बसतो. जमिनीवरून पाण्याचे ओहोळ जातात, एक गुलाबी, एक निळा, आणि कामगार खाली न बघता दोन्ही ओलांडतात. दाजींची खोली वेगळी, शांत. तिथे एक पेटी आहे, आतून राखाडी रंगवलेली, वर चार प्रकारचे दिवे. एकाच कापडाचा रंग दुकानातल्या दिव्यात वेगळा आणि अंगणात वेगळा दिसू शकतो, म्हणून सगळ्या दिव्यांत पाहतात.

मी बसले असताना एक माणूस दोन काळे तुकडे घेऊन आला. दोन्ही काळे होते. मी शपथेवर तसं सांगितलं असतं. दाजींनी ते पेटीत ठेवले, एक दिवा बदलला.

“हा लाल मारतोय. परत टाक.”

माणूस तुकडे उचलून गेला. काल विहिरीभोवती फेऱ्या मारणारे गृहस्थ हेच, यावर विश्वास बसेना.

मग पेटीत अकरा कागद मांडले, त्यांवर तांबूस सुया. पहिल्या दिव्यात सगळं सारखं. दुसऱ्यात सारखं. तिसरा दिवा लागला आणि दाजी खुर्चीतून उठले.

“हाई दखा!”

मलाही दिसलं. सात ढीग विटकरी होते, चार ढीग गाजराच्या बाजूला झुकत होते. शंकाच नव्हती. दाजींनी दिवा बंद करून चालू केला, कागदांची अदलाबदल करून मला क्रमांक न बघता ओळखायला लावलं, आणि मी अकराच्या अकरा बरोबर ओळखले. बाहेरून दोघं-तिघं आले, त्यांनीही ओळखले. मिलमध्ये झाडाच्या पाल्याचं शेड मॅचिंग आजवर झालं नव्हतं. चहा आला. दाजींनी ताईला फोन लावून तीन वेळा “सात आणि चार” सांगितलं. एकाने विचारलं, “मास्टर, झाडांची डिलिव्हरी कधी?” आणि दाजींनी त्याच्या पाठीत धपाटा घातला. अख्ख्या खोलीला उधाण आलं होतं, मलाही.

त्या आनंदात मी वही उघडली, चार झाडांचे क्रमांक नोंदवायला. आठ, नऊ, दहा, अकरा.

ओळीतली शेवटची चार. तक्त्यात जागेचा रकाना सवयीने केला होता. त्यात आठ ते अकरासमोर लिहिलं होतं: चिकूच्या सावलीत.

ही बातमी देणं भाग होतं. मी वही त्यांच्यापुढे सरकवली. दाजींनी वाचलं. उन्हातली झाडं विटकरी, सावलीतली गाजरी. आम्ही चिकूचं झाड ओळखलं होतं.

चहा सगळ्यांचा अर्धा राहिला. एकजण म्हणाला, “मास्टर, पण ओळखलं एकदम करेक्ट.” दाजी खुर्चीत बसले, आणि मला वाटलं आता हे चिडतील. ते आधी खांद्यांनी हसायला लागले, मग आवाज करून. दिवा बंद करायचा राहिला, तो मी केला.

कामरेज आणि अडाजण, रविवार

रविवारी ताईही आली, माझ्याबरोबर रिक्षाने, दाजींच्या स्कूटरमागून. ती त्या जमिनीवर पहिल्यांदाच येत होती. “तुम्ही दोघं काय दिवे लावता, ते बघू तरी” असं तिचं म्हणणं. दहा वाजता अडाजणला पोचायचं होतं. दाजींनी ठरवलं होतं, की तिथे जाऊन जमत नाही म्हणून सांगायचं. रात्री ते जेवले नव्हते. चुकीचं झाड लावण्यापेक्षा पहिलं गिऱ्हाईक गेलेलं बरं, असं ते म्हणाले, पण स्कूटर नेहमीपेक्षा हळू चालवत होते.

ताई ओळीच्या टोकापासून चालत आली. तिने एक झाड पाहिलं, दुसरं पाहिलं, आणि सुताच्या गाठीला बोट लावलं.

“हे कोणी आवळलं?”

“मी,” दाजी म्हणाले. “आधार लागतो. सगळ्यांनी लिहिलंय.”

“थानात गुंडाळलेलं कापड सगळं सारखंच दिसतं. जॉर्जेट काय आणि क्रेप काय. उकलून हातावर टाकल्याशिवाय कसं पडतं ते कळतं का? सोडा ना ते.”

“मोडेल ना!”

“मी धरते.”

दाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी वहीकडे. आधाराच्या रकान्यात अकरा वेळा ‘आहे’ लिहिलं होतं. तो काढून बघावा, हे तीन दिवसांत आम्हा दोघांनाही सुचलं नव्हतं.

पहिल्या झाडाचं सूत कापलं. ताईने खोड दोन बोटांत धरलं आणि सोडलं. शेंडा थोडा वाकला, नमस्कार केल्यासारखा, आणि झाड उभं राहिलं. दुसरंही तसंच. तिसरं सोडल्याबरोबर कमरेतून मोडल्यासारखं झुकलं आणि जमिनीवर आडवं झालं. दाजी किंचाळले. ताईने ते उचलून धरलं, पुन्हा सोडलं. पुन्हा आडवं. मोडलं कुठेच नव्हतं. त्याला उभंच राहायचं नव्हतं.

“काय व्हयनं?” ताई म्हणाली. “जॉर्जेट.”

मग आम्हाला आवरेना. मी सूत कापत पुढे, ताई मागून सोडत, दाजी ओरडत: “क्रेप! क्रेप! जॉर्जेट! पडलं, पडलं!” शाळेच्या प्रार्थनेत उन्हाने मुलं पडतात तशी झाडं पडत होती, आणि प्रत्येक पडण्याला टाळ्या. डाह्याकाका उसातून धावत आले, त्यांना वाटलं भांडण झालं. निकाल: उभी सहा, आडवी पाच. उन्हातलीही पडली आणि सावलीतलीही. मी दोनदा पडताळून पाहिलं. दोन्ही वेळा तोच आकडा आला. कामरेजला असं पहिल्यांदाच होत होतं.

यातली कॅस्केड फॉल्स कोणती आणि फॉलिंग वॉटर्स कोणती, हे अजूनही मी छातीठोकपणे लिहिणार नाही. दोन जाती आहेत, आणि त्या कशा ओळखायच्या, एवढं सिद्ध झालं. रमीलाबेनची कोणती, हा प्रश्न शिल्लक होता. दोन्हींतलं एकेक रिक्षात आडवं घालून आम्ही अडाजणला गेलो.

फाटकाच्या डाव्या बाजूला ते झाड होतं, दुमजली घराच्या गच्चीला टेकायला आलेलं. खोड मनगटाएवढं जाड. आता सोडून बघण्याचं वय गेलं होतं, कसंही असलं तरी ते उभंच राहिलं असतं. दाजींनी वर पाहिलं, खाली पाहिलं. रमीलाबेन दारात आल्या, पांढरी साडी, कपाळावर चष्मा. त्यांनी विचारलं, “लाव्या?” म्हणजे आणलंत का.

दाजींनी हात जोडले. “बेन, खरं सांगतो. माझ्याकडे दोन जाती आहेत. तुमची कोणती, मला ओळखता येत नाही.”

हे वाक्य त्यांनी हिंदीत, न अडखळता म्हटलं. ताईने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. रमीलाबेन मात्र नाराज दिसल्या नाहीत. त्यांनी फांद्यांचा पडदा हाताने बाजूला केला. आत खोडाला लागून लोखंडी पाइप होता, त्याला वेल्डिंग करून दुसरा, त्याला तिसरा.

“हे कसं ओळखायचं ते मला नाही माहीत,” त्या म्हणाल्या. “पण याच्यापायी आमचं भांडण व्हायचं. मी म्हणायची, याला वर जायचंच नाही, सोडा. हे म्हणायचे, जाईल. दर बे वरसे नवो पाइप. पाइपच्या पुढे एक वीत कधी गेलं नाही. शेवटचा पाइप त्यांनी लावला आणि मग ते गेले. झाड तिथेच थांबलंय, बघा.”

आम्ही वर पाहिलं. पाइपचं तोंड संपत होतं, त्याच ठिकाणाहून झाड सरळ खाली वळलं होतं.

“जॉर्जेट,” दाजी पुटपुटले.

“शुं?”

“हेच आहे, बेन. हेच.”

“पाकुं?”

“पाकुं,” दाजी म्हणाले, मिलमधल्या आवाजात.

खड्ड्यात झाड बसलं, माती भरली, पाणी घातलं, आणि तेव्हा लक्षात आलं की पाइप आणलाच नव्हता. बांबू कामरेजला. दाजी आणि ताई पाइप शोधायला गेले. रविवार, अर्धी दुकानं बंद. फाटकाच्या उजव्या बाजूला झाड धरून मी उभी राहिले. जाणारे-येणारे थांबत होते. स्कूटरवरच्या एका काकांनी काटकीकडे बघून सहानुभूतीने विचारलं, “मरी गयुं?”

नाही, हे असंच असतं, मी सांगितलं. त्यांचा विश्वास बसला नाही. म्हणून मी झाड सोडून दाखवलं. ते शांतपणे रस्त्याच्या बाजूला आडवं झालं. रमीलाबेननी टाळी वाजवली. त्यानंतर त्या स्वतःच लोकांना बोलावू लागल्या. भाजीवाली थांबली, समोरच्या बंगल्यातून दोघी आल्या. मी सोडलं, झाड पडलं. एकीने स्वतः सोडून पाहिलं.

दाजी कोपऱ्यावर दिसले, खांद्यावर पाइप, मागे ताई. ते धावतच आले. “अहो, धरा, धरा!” मी झाड उचलून उभं केलं. पाइप रोवायला त्यांनी पहार हातात घेतली आणि थांबले. फाटकाच्या दोन्ही बाजूंना आळीपाळीने पाहिलं. मग पहार भिंतीला टेकवली, दोन पावलं मागे सरकले आणि डोळे बारीक केले.

“एकदा अजून सोडा,” ते म्हणाले. “मला नीट बघू द्या.”

मी सोडलं.